टाकीच्या तोंडाशी

३ मार्च, सोमवार

ऑफिसने निरोपाला तीन वस्तू दिल्या. फुलांचा गुच्छ, ही डायरी आणि भिंतीवरचं घड्याळ. अकरा मजली इमारतीची झाडलोट, काचा, संडास, गालिचे, पाण्याच्या टाक्या, सगळं हाउसकीपिंग माझ्या हाताखाली होतं. माणसं माझ्या नुसत्या खाकरण्यावर कामाला लागायची. आणि शेवटी हातात काय, तर घड्याळ. घ्या बाई, वेळ बघत बसा! कंत्राट आता एका मोठ्या कंपनीकडे गेलंय आणि त्यांची सुपरवायझर माझ्या लेकाहून लहान आहे. यांनी घरी येऊन घड्याळ भिंतीवर लावलं, तेही वाकडं. मी काही बोलले नाही, म्हणजे मला बरं नसणार.

संध्याकाळी यांना म्हटलं, "मी घरी बसणार नाही. धंदा काढणार. मोठ्या इमारतींना कंपन्या आहेत, पण लहान ऑफिसं, दुकानं, दवाखाने यांची घाण कोण काढतं? कुणी नाही. ती आपण काढायची."

"या वयात?" हे म्हणाले.

"माझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी."

मग आम्ही दोघांनी बंद दाराकडे बघितलं. दीड वर्ष झालं त्या दाराला. माझा लेक, अठ्ठावीस वर्षांचा, इंजिनियर, चांगल्या नोकरीत होता. एका दुपारी एक बॅग घेऊन घरी आला. "जरा पडतो," म्हणाला. तो अजून पडलेलाच आहे. हाक मारली तर ओ देत नाही, ताट आत सरकवलं तर अर्धं परत येतं. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा आम्ही सांगतो, घरून काम करतो. हे वाक्य यांनी शोधलं. यांनी आयुष्यात शोधलेली ती एकच गोष्ट.

मला त्याचा आजार बरोबर कळलाय. हाताला काम नाही. कामाला लागला की उठून उभा राहील. मी किती आळशी माणसं उभी केलीत, हा तर माझ्या पोटचा.

५ मार्च, बुधवार

आज माझा धाकटा भाऊ आला होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणून यंत्रं, दोर, पाइप उधार द्यायला तयार आहे. मी त्याला विचारलं, कुठल्या कामात हात घालावा? त्याने लगेच सांगितलं, काचा. इमारतींच्या बाहेरच्या काचा पुसायच्या. लोकांना डोळ्यांनी दिसतं, एकाची चकाकली की शेजारचा बोलावतो.

"नको," मी म्हटलं.

"अगं ताई, का पण?"

"माझे गुडघे."

"तुला कुठे दोरावर लटकायचंय? पोरगा लटकेल की! तरणाताठा आहे."

"काचा नको म्हटलं ना एकदा! विषय संपला." मी एवढ्या जोरात ओरडले की तो कपातल्या चहाकडे बघत बसला.

मग म्हणाला, बरं, पेस्ट कंट्रोल कर. उंदीर, झुरळं, वाळवी. दर महिन्याला बोलावणं येतं, झुरळं कधी संपत नाहीत. औषधांचे डबे पलंगाखाली मावतात.

"वास येतो त्यांचा घरभर," मी म्हटलं.

"आता कुठे वास येतो? हल्लीच्या औषधांना वासच नसतो. कळतसुद्धा नाही."

मी उठून ओटा पुसायला लागले. पुसलेलाच ओटा पुसत होते. भाऊ म्हणाला, "ताई, तुला धंदा काढायचाय की नाही? सगळ्यालाच नाही म्हणतेस." गेला तो कपाळाला आठ्या घालून. मलाही कळलं नाही की आज माझं डोकं एवढं का फिरलं. एरवी भावावर मी कधी ओरडत नाही.

११ मार्च, मंगळवार

लेकाच्या दाराबाहेर स्टूल घेऊन बसले आणि त्याला सगळे धंदे वाचून दाखवल्यासारखे सांगितले. हॉटेलांची तेलकट धुराडी साफ करायची. ऑफिसातले गालिचे धुवायचे. पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारायचे. फरशीला पॉलिश. काय हवं ते घे! भाजीबाजारात आरोळी ठोकावी तशी मी बंद दारापुढे ओरडत होते. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, हळू. खालच्या मजल्यावर जाईल." जाऊ दे. घरून काम करतो ना तो, मीटिंग चालली आहे म्हणा.

शेवटी आतून आवाज आला. "तुला जे बरं वाटेल ते, आई."

एवढं अख्खं वाक्य! कित्येक महिन्यांनी. मी यांना जाऊन सांगितलं, तो तयार आहे. यांनी चष्मा काढून पुसला.

दुपारी वहिनी आली होती, भावाची बायको. ती एका इस्पितळात नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसते. स्वभावाने गरीब आहे, पण आज तोंड उघडलं. "ताई, आमच्याकडे एक डॉक्टरबाई आहेत. मनाच्या. नुसतं भेटून तर या." मला असा संताप आला! म्हटलं, "माझा लेक वेडा नाही." ती म्हणाली, "वेडा कोण म्हणतंय? ताप आला तर नेतोच ना आपण?" मी म्हटलं, ताप असता तर हात लावून कळला असता. जाताना ती फोन नंबरची चिठ्ठी चहाच्या डब्याखाली ठेवून गेली. मी फेकणार होते. नंतर डबा जरासा सरकवला, चिठ्ठीचं टोक दिसत होतं ते झाकलं.

१९ मार्च, बुधवार

पट्टे! ठरलं. पार्किंगचे पट्टे. रंग, ब्रश, दोरी, खडू, बस. काम उघड्यावर, उन्हात. ऊन लागेल त्याला, चार माणसं दिसतील, रंग येईल तोंडावर. भावाच्या ओळखीचा एक फर्निचरवाला आहे, त्याच्या दुकानापुढचं आवार शनिवारी करायचं. यांनीही पाठिंबा दिला. हे ज्याला पाठिंबा देतात ते बुडतं असा माझा अनुभव आहे, पण यावेळी दुर्लक्ष केलं.

२२ मार्च, शनिवार

तो आला. पहिल्या हाकेला दार उघडून बाहेर आला, आंघोळ केलेला, नोकरीतले काळे बूट घातलेले. बुटाच्या नाड्या त्याने दोनदा सोडून परत बांधल्या. मी दुसरीकडे बघितलं.

काम सोपं होतं. दोरीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं मी भिंतीच्या खिळ्याला बांधलेलं. "ताणून धर, मी दोरीवरून रंग मारत येते." मी ओणवी होऊन निघाले. खाली मान घातली की मला रंगाशिवाय काही दिसत नाही, ही माझी जुनी सवय. दोनतीन पट्टे झाले असतील. तेवढ्यात कुणीतरी गाडीतून उतरून म्हणालं, "अरे तू! कुठे असतोस हल्ली?" त्याच्या कॉलेजातला मुलगा होता. मी मान वर केली नाही. म्हटलं, बोलू देत दोघांना, बरंच आहे.

कंबर सरळ केली तेव्हा कळलं. तो तिथे उभाच होता, दोरीही हातातच होती, पण हात खाली गेलेला आणि पाय मागे मागे सरकलेले. तो मित्रापासून मागे सरकत गेला आणि मी बावळट त्या दोरीमागे रंग मारत गेले. हाताची बोटं पसरावी तसे पट्टे पसरले होते. फर्निचरवाला बाहेर आला, म्हणाला, "बाई, इथे गाड्या लावायच्या आहेत, की नाचवायच्या?" सगळे हसले. तो मित्रही हसला.

घरी येईपर्यंत मी दम धरला. घरात पाऊल टाकल्यावर तोंड सुटलं. "साधी दोरी धरता येत नाही तुला?"

"नाही येत," तो म्हणाला. उलट उत्तर नव्हतं ते. खरंच सांगत होता.

दार लागलं.

२४ मार्च, सोमवार

ताट जसंच्या तसं परत. कालही तसंच. ऑफिसात एखादा नळ गळत असला तरी मला झोप लागायची नाही आणि इथे डोळ्यांदेखत पोर वाळत चाललंय. काय करू? कुठला स्क्रू पिळू?

हे म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे." दीड वर्ष तेच म्हणताहेत. मी म्हटलं, "तुम्ही जा ऑफिसला." गेले.

२ एप्रिल, बुधवार

आज पहाटे डोक्यात लख्ख उजेड पडला. टाक्या! जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या. प्रत्येक ऑफिसला, दुकानाला असते आणि बांधल्यापासून कुणी आत डोकावलेलं नसतं. माणसं वर कोट घालून फिरतात आणि खाली त्याच पाण्यात गाळ साचलेला असतो. किळसवाणं काम, म्हणून कुणाला नको असतं, म्हणून आपल्याला मिळेल.

आणि त्याच्यासाठी तर घडवल्यासारखं. उंची नाही. विष नाही, ब्लिचिंग पावडर तेवढी, तीही मीच टाकणार. काम रविवारी, सगळं बंद असताना, म्हणजे कुणी ओळखीचं भेटायचा प्रश्नच नाही. चार भिंती आणि तळाला घोटाभर पाणी. यात काही होण्यासारखंच नाही.

कोंडलेल्या हवेचा धोका असतो, पण तो नियम न पाळणाऱ्यांना. माझे नियम पक्के होते. आधी झाकण उघडं ठेवून पंख्याने हवा खेळवायची. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. वरच्या माणसाने झाकणापासून हलायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी. आणि वरच्याने सारखं बोलत राहायचं. मधूनमधून पान्याने झाकणाच्या कडेवर दोनदा ठोकायचं, आतल्याने "हो" म्हणायचं. "हो" आलं नाही की ओढ दोर. माझ्या माणसांपैकी कुणाला कधी खरचटलंही नाही.

भाऊ पंप द्यायला तयार झाला. म्हणाला, "सगळं सोडून गटारात उतरवतेस होय पोराला?" म्हटलं, टाकी म्हणतात त्याला.

६ एप्रिल, रविवार

लिहू किती आणि कसं! आज तो बोलला.

दातांच्या दवाखान्याची इमारत होती. टाकी मागच्या अंगणात. यांना पंपाशी उभं केलं, तर यांनी वॉचमनला परस्पर सांगून टाकलं, "मुलगा इंजिनियर आहे, यंत्रणा तपासायला आलाय." आणि इंजिनियर हाफ पँटीत, कमरेला दोर, हातात खराटा! मी दोराची गाठ स्वतः मारली. तो शिडीने खाली गेला. मी झाकणाशी गोणपाट टाकून बसले आणि ठोकलं.

"हो," आतून आलं.

मला वाटलं भास झाला. परत ठोकलं. "हो." अहो, घरी मी दारावर डोकं आपटलं तरी ओ नाही, आणि इथे नियम आहे म्हणून उत्तर द्यावंच लागतंय! मग मी सुटलेच. काय दिसतंय? गाळ. किती? घोट्याच्या वर. वास येतो का? नाही, मातीचा येतो. थंडी वाजते? थोडी. बादल्या वर येत होत्या आणि उत्तरं वर येत होती.

"बरं वाटतंय ना रे राजा?"

जरा वेळ खराट्याचा आवाज. मग म्हणाला, "इथे बरं वाटतंय. वरचं काही ऐकू येत नाही. फक्त तू."

मी पदराने तोंड दाबून रडले. वरून खाली आवाज जायला नको म्हणून. काम संपलं तरी तो वर येईना. "अजून एकदा घासू का, आई?" फरशी आरशासारखी झाली होती. असा कामसू मुलगा माझा, आणि लोक मला डॉक्टरांचे नंबर देतात!

भावाला फोन करून सांगितलं. वहिनीला मुद्दाम फोनवर घ्यायला लावून सांगितलं.

१३ एप्रिल, रविवार

दुसरी टाकी. कापडाच्या दुकानाची. आठवडाभर तो रोज विचारत होता, पुढची टाकी कधी? जेवला नाही फारसा, पण विचारत होता. सकाळी त्याने त्याचे काळे बूट यांना दिले. "बाबा, तुम्हाला बसतील बघा. मला नाही लागत आता." यांना बरोबर बसले. हे आरशापुढे फिरून फिरून बघत होते. मुलाने दिले म्हणून दिवसभर तेच घालून पंपाशी उभे राहिले, चिखलात.

आज आतून तो आपणहून बोलला. नोकरीतलं. "तिथे मी दुपारी जिन्यात जाऊन बसायचो, आई. कुणी येत नसे. मग एक दिवस गच्चीवर गेलो. बराच वेळ उभा होतो. मग घरी आलो."

"हवा खायला गेला असशील," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

नियमाचं "हो" होतं की खरं, कळलं नाही. बादली आली होती, ती ओढली. ओढून बाजूला ओतली आणि परत खाली सोडली. बादली नेहमीपेक्षा जड वाटली.

एकूण दिवस चांगला गेला.

२० एप्रिल, रविवार

आज लिहिवत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

लिहिते. लिहिलं नाही तर छाती फुटेल.

काल चार मजली ऑफिसची टाकी होती. मोठी, मध्ये भिंत, भिंतीत जायला भोक. पलीकडचा कप्पा वरून दिसत नाही. तो तिकडे घासत होता. मी बोलत होते, काय तर, चहाला दूध उरलं नाही, जाताना घ्यायला हवं. हे पंपाचा पट्टा सैल झाला म्हणून पुढच्या फाटकाशी वॉचमनकडे गेले होते. दोनदा ठोकलं. उत्तर नाही.

परत ठोकलं. नाही.

मी दोर ओढला. तो हलका आला. ओढत गेले, ओढत गेले आणि टोक हातात आलं. गाठ निसटली नव्हती. माझी गाठ निसटत नाही. ती सोडली होती.

मी कशी किंचाळले मला माहीत नाही. मग आतून आवाज आला, अगदी शांत. "आहे मी, आई."

"मग बोलत का नाहीस?"

"कंटाळा आला. दर वेळी हो म्हणायचा."

"वर ये."

काही नाही.

"वर ये म्हणते ना!"

"आई, झाकण लाव ना थोडा वेळ." लहानपणी दिवा मालव म्हणायचा त्या सुरात. "तू जा, चहा घेऊन ये. मी इथेच आहे."

काचांना मी नको का म्हटलं, औषधांना का म्हटलं, सगळं तिथे झाकणाशी माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. तेव्हा कळलं असं म्हणणार होते. खोटं आहे. मला माहीत होतं. दीड वर्ष माहीत होतं, मी त्यावर डबा ठेवला होता.

वरच्याने जागा सोडायची नाही. नियम माझाच. मी शिडीवर पाय ठेवला आणि उतरले. हे गुडघे मला कसे खाली घेऊन गेले देव जाणे. शेवटच्या पायऱ्यांवरून घसरले, पाण्यात हातावर पडले, तशीच भोकातून पलीकडे रांगत गेले. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. टॉर्च विझवलेला. मी हाताने चाचपत त्याच्याशेजारी बसले.

"भिजशील तू," तो म्हणाला.

"भिजू दे."

त्याचा हात धरला. मासा असतो तसा गार. मग मी विचारलं. जे तोंडातून निघेल असं जन्मात वाटलं नव्हतं ते विचारलं. "राजा, मरावंसं वाटतं का तुला?"

"हो."

"कधीपासून?"

"रोजच." मग म्हणाला, "मला वाटलं तुला माहितीये. मामाला काचा नको म्हणून ओरडलीस ना. मी ऐकत होतो. औषधं नको म्हणालीस. मला वाटलं, आईला माहितीये, पण बोलायचं नाहीये."

अंधार होता ते बरं. माझं तोंड त्याला दिसलं नाही.

"मग टाकी का निवडलीस?" त्याने विचारलं. खरंच कुतूहलाने.

"मला वाटलं, इथे काही होणार नाही."

"नाहीच होत ना इथे काही. म्हणून तर बरं वाटतं."

मी त्याला मिठीत ओढलं. एवढा मोठा घोडा, माझ्या मांडीवर मावेना. तो रडला नाही. मीच रडत होते, भोंगा वाजावा तशी, आणि टाकीत तो आवाज घुमून परत आमच्याच अंगावर येत होता. तो म्हणाला, "आई, हळू." बाप तसा लेक.

"वर चल."

"चालवत नाहीये. खरंच. पाय उचलत नाहीत."

तेवढ्यात वरून यांचा आवाज. "अगं? अगं, कुठे आहेस? इथे वर कुणीच नाही!" मी भोकातून डोकं काढून वर बघितलं. झाकणाच्या चौकोनात आधी ते काळे बूट दिसले, मग यांचा वाकलेला चेहरा. यांनी सगळं बघितलं. दोर वर, आम्ही दोघं खाली.

"अहो, तिथून हलू नका," मी ओरडले.

"नाही हलत."

"काय वाटेल ते झालं तरी हलू नका!"

"नाही गं हलत." आणि हे तिथेच चिखलात बसले. बूट, पँट, सगळ्यासकट. पाना उचलला आणि कडेवर दोनदा ठोकलं. मला वाटलं आता काही उत्तर येणार नाही. मी माझ्या लेकाकडे बघितलं, म्हणजे तो होता त्या अंधाराकडे.

"हो, बाबा," तो म्हणाला.

मग हे बोलत राहिले. जन्मात एवढे बोलले नाहीत. पंपाचा पट्टा सैल आहे. वॉचमन चांगला माणूस आहे. बूट थोडे घट्ट होताहेत, पण होतील सैल. बोलता बोलता म्हणाले, "मी त्याला हाक मारून सांगितलंय, मुलगा आजारी आहे माझा, जरा मदतीला ये." आवाज फाटला त्यांचा. पण थांबले नाहीत. वॉचमन शिडी धरायला आत उतरला आणि तासाभराने आम्ही लेकाला वर काढलं.

घरी आल्यावर मी चहाचा डबा उचलला आणि वहिनीला फोन केला. ती "हॅलो" म्हणाली आणि मला बोलताच येईना. ती म्हणाली, "ताई, मी येते." एवढंच. सांगितलं होतं ना, असं नाही म्हणाली.

३० एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाईंना भेटून आलो. दोनदा. गोळ्या दिल्यात. फरक पडायला वेळ लागेल म्हणाल्या, आधी कमी वाटेल, मग जास्त, मग परत कमी. एकटं सोडायचं नाही. मी विचारलं, बरा होईल ना? त्या म्हणाल्या, आपण प्रयत्न करू. मला "हो" हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही.

धंदा बंद. पंप, दोर, पंखा, सगळं भाऊ घेऊन गेला. तो दोर उचलत होता तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. यांनी रजा घेतली आहे. दाराची आतली कडी यांनीच काढली, स्क्रू एका वाटीत ठेवलेत. शेजारणीने परवा विचारलं, काय, काम घरूनच का अजून? हे म्हणाले, "नाही. आजारी आहे."

तो मात्र तसाच आहे. तसाच कसला, वाईट आहे. टाकीत बोलत होता तेवढंही नाही. गोळी हातावर ठेवली की घेतो, ताट ठेवलं की दोन घास खातो, तोंड भिंतीकडे. मला रात्रंदिवस वाटतं, मीच त्याची ती एक बरी जागा काढून घेतली. वहिनी म्हणते, असं नाही हो ताई. मला नाही पटत. काही खरं नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही, मग त्याला कसं वाटत असेल ते थोडं थोडं कळतं.

आम्ही पाळ्या लावल्यात. मी, हे, संध्याकाळी वहिनी. दाराबाहेर स्टूल आहे, त्यावर बसायचं आणि हलायचं नाही. मी मधूनमधून चौकटीवर दोनदा ठोकते. कधी "हो" येतं. न आलं की आत जाऊन बघते. यांची पाळी असते तेव्हा हे नुसते बोलत राहतात, घड्याळ वाकडं आहे, सरळ करायला हवं, असलं काहीतरी.

आज दुपारी ठोकलं, उत्तर नाही. आत गेले. जागाच होता. डोळे उघडे, भिंतीवर. "आहे," म्हणाला, माझ्याकडे न बघता. मी चादर सारखी केली, बाहेर येऊन स्टुलावर बसले. बोलायला काही सुचेना. आज पहिल्यांदा मी गप्प बसले, किती वेळ कोण जाणे.

मग आतून आवाज आला. पलंगाच्या लाकडावर, बोटाने. दोनदा.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वर कुणी आहे का, ते तो विचारत होता.

"हो," मी म्हटलं. "हो रे राजा. आहे."